बायबल एक, बाकं वेगळी

"काहून रे भाऊ, पोपच आन् उपराष्ट्राध्यक्षच भांडतात, तर बाकीच्यांनी ऐकायचं कोणाचं?" नागपूरच्या सदर भागात तर्री-पोह्यांची प्लेट हातात धरून माझ्या एका मित्राने हा प्रश्न टाकला. तो जन्माने ख्रिस्ती आहे, रविवार चुकवत नाही, तरी अमेरिकेतून येणाऱ्या बातम्यांनी चक्रावलाय. मी ख्रिस्ती नाही, पण या विषयावर बरंच वाचलं आहे. तेव्हा उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर आली. पोहे संपले, उत्तर संपलं नाही. म्हणून हा लेख.

आधी त्या बातम्या. २१ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये बिशप मॅरिअन बडी यांनी समोर बसलेल्या राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना विनंती केली की स्थलांतरितांवर दया करा. ट्रम्प चिडले, माफी मागा म्हणाले. पुढच्याच आठवड्यात उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी जुन्या ख्रिस्ती विचारातला 'प्रेमाचा क्रम' पुढे केला: आधी कुटुंब, मग शेजारी, मग गाव, मग देश आणि सगळ्यात शेवटी बाकीचं जग. व्हान्स स्वतः कॅथलिक. तरी १० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकी बिशपांना पत्र लिहून हा अर्थ खोडला आणि चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आठवायला सांगितली, ज्यात जखमी परक्याला उचलणारा माणूस स्वतःही परकाच असतो. व्हान्सवर टीका करणारा एक लेख त्याच दिवसांत अमेरिकी कार्डिनल रॉबर्ट प्रेव्होस्ट यांच्या सोशल मीडिया खात्यावरून पुढे पाठवला गेला. ८ मे रोजी तेच प्रेव्होस्ट पोप लिओ चौदावे झाले.

भांडण श्रद्धेचं नाहीच

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की एक गट जास्त धार्मिक असेल आणि दुसरा कमी. तसं नाही. इव्हँजेलिकल हा शब्द एकदाच समजून घेऊ. बायबल हाच अंतिम शब्द मानणारे, येशूला स्वतःहून स्वीकारणं आणि त्यातून 'नव्याने जन्मणं' याला फार महत्त्व देणारे प्रोटेस्टंट. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट चर्चमध्ये जाऊन बसलात तर तिथेही हेच ऐकायला मिळेल. तोच क्रूस, तेच पुनरुत्थान, बायबलवर तोच भरवसा. गाणं उलट जास्त जोरात.

आणि मतपेटीशी आले की दोघांच्या वाटा उलट दिशेला जातात. २०१६ च्या एक्झिट पोलमध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे ८१ टक्के ट्रम्प यांच्यामागे होते. कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट त्याच निवडणुकीत प्रचंड बहुमताने विरुद्ध बाजूला. म्हणजे देव तोच, पुस्तक तेच, फरक दुसरीकडे कुठेतरी आहे.

पाप राहतं कुठे?

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. रात्रीत आभाळ फाटल्यासारखा पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी फुगली आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत पाणी घरात घुसलं. नंतर चिखल उपसताना दोन प्रकारचं बोलणं कानावर यायचं. एक म्हणायचा, लोकांनाच अक्कल नाही. गादीपासून थर्माकोलपर्यंत सगळं नाल्यात टाकतात, माणूस सुधारला तर शहर सुधारेल. दुसरा म्हणायचा, मी आयुष्यात एक पिशवी नाल्यात टाकली नाही, तरी माझा फ्रिज तरंगला. पात्र अरुंद कोणी होऊ दिलं? विसर्गाच्या वाटेत बांधकाम कोणी होऊ दिलं?

अमेरिकेतल्या चर्चचं भांडण नेमकं हेच आहे. गोऱ्या इव्हँजेलिकल परंपरेत पाप म्हणजे माणसाच्या मनातली गोष्ट. वंशद्वेष हे पाप आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण ते एकेका माणसाच्या हृदयात असतं, तेव्हा एकेक हृदय बदला, समाज आपोआप बदलेल. कृष्णवर्णीय चर्च म्हणतं, हृदय बदलाच, पण पाप कायद्यातही शिरतं, बँकेच्या नकाशातही शिरतं, पोलीस ठाण्यातही मुक्काम करतं. तिथे बसलेला प्रत्येक माणूस स्वभावाने गोड असला तरी पाणी तुमच्याच घरात येतं. यालाच 'व्यवस्थेतला अन्याय' म्हणतात.

ज्याचं घर उंचवट्यावर, त्याला पहिलं म्हणणं लवकर पटतं. खालच्या अंगाला राहणाऱ्याला दुसरं.

पहिल्या गटाला खलनायक समजायचं कारण नाही, हेही सांगून टाकतो. वादळ आलं की सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या इव्हँजेलिकल पंथाच्या लोकांची फिरती स्वयंपाकघरं पोहोचतात आणि हजारो लोकांना गरम जेवण मिळतं; जेवणाऱ्याचा रंग कोणी पाहत नाही. समोरच्या भुकेल्याला वाढणं त्यांना समजतं. तो भुकेला का राहिला, हे विचारलं की मात्र त्यांना राजकारणाचा वास येतो.

बाकं वेगळी कधी झाली

अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियात मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या एका चर्चमध्ये अबसालोम जोन्स नावाचा कृष्णवर्णीय गृहस्थ गुडघ्यावर बसून प्रार्थना करत होता. ती जागा तुमची नाही म्हणून त्याला प्रार्थना चालू असतानाच ओढून उठवू लागले. तो, रिचर्ड अॅलन आणि बाकीचे कृष्णवर्णीय उठून बाहेर पडले. अॅलनने पुढे १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ उभा केला. लक्षात घ्या, तो ख्रिस्ती धर्म सोडून गेला नाही. बाक सोडून गेला.

मग गोऱ्यांतही फूट पडली. १८४४ मध्ये मेथडिस्ट तुटले, कारण जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू गुलामांचे मालक झाले होते आणि उत्तरेकडच्यांना ते पचेना. १८४५ मध्ये बॅप्टिस्ट तुटले. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही, यावर. दक्षिणेकडच्यांनी सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन स्थापन केलं, आज तो अमेरिकेतला सगळ्यात मोठा प्रोटेस्टंट पंथ आहे. गुलामगिरीला दिलेल्या पाठिंब्याबद्दल त्यांनी माफी मागितली ती १९९५ मध्ये, दीडशेव्या वर्षी.

दक्षिण आफ्रिकेतलं एक वाक्य मला याहून जास्त टोचतं. १८५७ मध्ये तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सभेने ठरवलं की गोऱ्या आणि काळ्यांनी एकत्र उपासना करणंच योग्य, पण 'काहींच्या दुबळेपणामुळे' वेगळी व्यवस्था करायला हरकत नाही. दुबळेपण कोणाचं, तर काळ्यांशेजारी बसायला नको म्हणणाऱ्यांचं. त्या सवलतीतून पुढे वेगळी चर्चं झाली आणि ती वर्णभेदाच्या राजवटीला धर्माचा आधार देत राहिली. १९८२ मध्ये ओटावाला जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चेसनी वर्णभेदाचं धार्मिक समर्थन म्हणजे पाखंड, असा निर्णय दिला. मधे सव्वाशे वर्षं गेली.

बायबल कोणाच्या बाजूने?

दोन्ही, असं म्हटलं तर राग येईल, पण निदान दोन्ही बाजूंनी ते उघडलं गेलं आहे. 'दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा' अशा अर्थाची प्रेषित पौलाच्या पत्रांतली वाक्यं मळ्यांवर गुलामांकडून पाठ करून घेतली जात. त्याच पौलाने फिलेमोनला लिहिलेल्या छोट्याशा पत्रात त्याचा दास अनेसिम याला परत पाठवताना म्हटलं आहे की याला आता दास म्हणून नको, भाऊ म्हणून घे. गुलाममालक म्हणाले, बघा, परत पाठवलाच ना. गुलामगिरीविरोधक म्हणाले, पुढचं वाक्य वाचा.

यातला सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे १८०७ मध्ये लंडनला छापलेलं एक बायबल. कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांसाठी खास निवडक भाग. जुन्या करारातला बहुतेक मजकूर त्यात नाही. इस्राएली लोक मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटतात तो 'निर्गम'मधला भाग तर शोधूनही सापडत नाही. छापणाऱ्याला कोणतं पान कोणाच्या हाती पडलं तर काय होईल, हे पक्कं कळत होतं.

आणि झालंही तसंच. गुलामांनी ती गोष्ट कानोकानी मिळवली आणि गाण्यांत बांधली. कृष्णवर्णीय चर्चचा येशू इस्राएलींना सोडवणाऱ्या मोशेचा हात धरूनच येतो. पाप माफ करणारा आणि बेड्या तोडणारा, दोन्ही तोच.

'चर्चने राजकारणात पडू नये' हे बरोबर नाही का?

हा आक्षेप सगळीकडे ऐकू येतो आणि ऐकायला शहाणपणाचाही वाटतो. त्याचा इतिहास पाहिला की जरा सावध व्हायला होतं. गुलामगिरीच्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेतले प्रेस्बिटेरियन धर्मपंडित जेम्स थॉर्नवेल यांची मांडणी अशी होती की चर्च ही आध्यात्मिक संस्था आहे, समाजाच्या रचनेत तिने लक्ष घालू नये. ते स्वतः गुलामांचे मालक होते.

१९६५ मध्ये नागरी हक्कांचे मोर्चे भरात असताना व्हर्जिनियाचे पाद्री जेरी फॉलवेल यांनी प्रवचन दिलं की पाद्र्याचं काम आत्मे जिंकण्याचं, राजकारण करण्याचं नाही. १९७९ मध्ये याच फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना काढली आणि रेगन यांच्या विजयासाठी देश पिंजून काढला. राजकारण नको हे तत्त्व चौदा-एक वर्षंच टिकलं. मला वाटतं, मुळात ते तत्त्व नव्हतंच; ज्या प्रश्नावर बोलायचं नव्हतं त्याच्यापुरतं ते कुलूप होतं. न्याय म्हणून हेही नोंदवतो की उलट बाजूचे पाद्रीही आपल्या पक्षाच्या उमेदवाराला रविवारी व्यासपीठ देतात आणि तेव्हा त्यांना राजकारण खुपत नाही.

मार्टिन ल्यूथर किंग यांचं १९६३ चं तुरुंगातलं पत्र याच आक्षेपाला दिलेलं उत्तर आहे. ते सत्ताधाऱ्यांना नाही, बर्मिंगहॅमच्या आठ धर्मगुरूंना लिहिलेलं आहे, ज्यांनी 'मागण्या समजतात, पण आंदोलन अवेळी आहे' असं जाहीर केलं होतं. उघड द्वेष करणाऱ्यापेक्षा शांततेच्या नावाखाली 'थांबा' सांगणारा मवाळ गोरा माणूस जास्त मोठा अडथळा आहे, असं किंग यांनी त्यांना सुनावलं. किंग यांची सुरुवात बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या माँटगोमेरीच्या बस बहिष्कारापासून झाली होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्याकडे दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय जमला होता, त्या दिवशी तो बहिष्कार चालूच होता.

'पण गुलामगिरी संपून दीडशे वर्षं झाली ना?'

झाली. पण घराचं बघू. १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल, म्हणजे इथे कर्ज धोक्याचं. कर्ज नाही म्हणून घर नाही, घराची किंमत वाढली त्याचा फायदा नाही, मुलांना वारशात काही नाही. १९६८ मध्ये कायद्याने असा भेदभाव बंद झाला, पण तोवर एक-दोन पिढ्यांचा हिशेब बसून गेला होता. २०२२ च्या अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या पाहणीत संपत्तीच्या रांगेत मधोमध असलेल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर निघाली, तशाच मधोमधच्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ४५ हजारांच्या आत. सहापटीहून जास्त फरक.

आपल्याला हे समजायला नकाशा लागत नाही. भाड्याने घर बघायला जा आणि 'आडनाव काय म्हणाले?' या प्रश्नाआधीचा आणि नंतरचा सूर ऐका.

यावर विरोधकांचा मुद्दा असा: असं मोजत बसलं की माणूस आपल्या कष्टाची जबाबदारी झटकतो, आणि आज जन्मलेल्या गोऱ्या मुलाला आजोबांच्या पापाचा धनी का करता? पहिल्या अर्ध्या मुद्द्यात दम आहे. कृष्णवर्णीय चर्चमध्येच असे पाद्री आहेत जे कुटुंब, शिस्त आणि कष्ट यांवर कोणाहूनही कडक बोलतात. दुसऱ्या अर्ध्याबद्दल माझं मत वेगळं आहे. आजोबांचं पाप कोणी नातवावर टाकत नाही. आजोबांचं घर मात्र नातवाच्या नावावर आहे.

हा वाद ताजाही आहे. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच सदर्न बॅप्टिस्टांच्या सहाही धर्मशिक्षण संस्थांच्या प्रमुखांनी पत्रक काढलं की 'क्रिटिकल रेस थिअरी', म्हणजे वंशभेद कायद्यांत आणि संस्थांतच मुरलेला असतो असं मांडणारा अभ्यास, आमच्या श्रद्धेशी जुळत नाही. त्यानंतर काही नामवंत कृष्णवर्णीय पाद्री पंथ सोडून गेले. पुन्हा तेच: माणूस की व्यवस्था.

हिस्लॉपच्या चर्चचे तीन हजार पौंड

आता नागपुरात येतो. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले, भोसल्यांच्या राज्यात. पुढच्या वर्षी शाळा काढली. दगड, जीवाश्म, गोंडांच्या भाषा यांचा त्यांनी केलेला अभ्यास आजही मानला जातो. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना नाल्याच्या पुरात ते वाहून गेले. त्यांच्या नावाचं कॉलेज आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांना पाठवणारं चर्च मात्र फारसं कोणी आठवत नाही.

ते होतं फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड. १८४३ मध्ये साडेचारशेहून जास्त पाद्री सरकारी चर्चमधून बाहेर पडले, कारण गावाचा पाद्री जमीनदाराने ठरवावा हे त्यांच्या विवेकाला मान्य नव्हतं. पगार गेला, राहती घरं गेली. पैसे हवे होते. मदत मागायला शिष्टमंडळ अमेरिकेला गेलं आणि सुमारे तीन हजार पौंड घेऊन आलं. त्यात दक्षिणेतल्या गुलाममालकांचा पैसा होता.

१८४६ मध्ये, म्हणजे हिस्लॉप इथे शाळा सुरू करत होते त्याच वर्षी, गुलामीतून पळून सुटलेला फ्रेडरिक डग्लस स्कॉटलंडच्या गावोगाव सभा घेत होता. घोषणा छोटीशीच: 'पैसे परत करा!' भिंतींवर रंगवली गेली, पोरांच्या तोंडी बसली. फ्री चर्चचे पुढारी थॉमस चामर्स यांची बाजू काय होती? गुलामगिरी वाईटच, पण ती व्यवस्था वेगळी आणि परिस्थितीने तिच्यात अडकलेला माणूस वेगळा. तो माणूस चांगला ख्रिस्ती असू शकतो, त्याच्याशी नातं का तोडायचं? अंबाझरीच्या चिखलातला पहिला माणूस एकशे ऐंशी वर्षांपूर्वी याहून नीट बोलला नसता.

तो पैसा नागपुरात आला, असं मी म्हणत नाही. पण ज्यांनी विवेकासाठी स्वतःचं छप्पर सोडलं, त्यांनाही दुसऱ्याच्या पाठीवरचे वळ त्या नाण्यांत दिसले नाहीत. पैसे परत गेले नाहीत.

आपल्याकडची बाकं

ख्रिस्ती मंडळींना एकत्र येता येत नाही असं नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला याच शहरात सहा पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की समजत्या वयात, बिशप हवा की नको, अशा प्रश्नांवर १९२९ पासून चाळीस वर्षं वाटाघाटी करून त्यांनी मार्ग काढला. जातीचा प्रश्न मात्र वाटाघाटीने सुटणारा नव्हता.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना यावर अचूक बोट ठेवलं होतं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की ही शिकवण माणसाच्या अधोगतीचं कारण त्याच्या पापात शोधायला लावते, भोवतालच्या समाजात नाही. मग समाज बदलायची ऊर्मी येणार कुठून? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चने हाच प्रश्न आतून सोडवायचा प्रयत्न केला, निर्गम हाताशी धरून. आपल्याकडे १९८० च्या दशकात दलित ख्रिस्ती विचारवंतांनी दलित ईश्वरविद्या, म्हणजे दलितांच्या अनुभवातून देवाचा विचार, मांडली, तीही याच वाटेने.

तरी भिंती आहेत. तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी आणि इतरांच्या कबरी यांच्यामध्ये खरोखरची भिंत आहे. २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशपांनीच आपल्या धोरणपत्रात चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते हे लिहून मान्य केलं.

सरकारदरबारी प्रकरण आणखी गुंतलेलं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो लागू झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. म्हणजे एका घरातले दोन भाऊ, एकाने दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली, दुसऱ्याने बाप्तिस्मा. पहिल्याच्या नातवाला अनुसूचित जातीचा दाखला आणि अॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण, दुसऱ्याच्या नातवाला दोन्ही नाही. शिवी मात्र दोघांना एकच ऐकावी लागते. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढा अशी शिफारस केली. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर आणखी एक आयोग नेमला गेला.

याला होणारा विरोध फक्त बाहेरून नाही. चर्चच्या आतही म्हणणारे आहेत की बाप्तिस्मा झाला की जात संपली, आपण दाखला मागितला तर आपणच ती आहे म्हणून सही केली. समोरून उत्तर येतं, सही दफनभूमीच्या भिंतीवर आधीच झालेली आहे.

माझ्या पोहेवाल्या मित्राला हे सगळं सांगून झालं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्या चर्चमध्ये कोणी कोणाला जात विचारत नाही, हे खरंय." प्लेट बादलीत टाकली, हात धुतले. "ताईचं स्थळ बघत होतो ना मागच्या वर्षी, तेव्हा तीन घरांतून विचारलं. तिन्ही आपल्याच बाकावरची माणसं."